मोरीच्या टाकीपुढे गाऱ्हाणं

एकसष्टीला मुलाने आणि सुनेने अंगठी दिली असती, तर घाडीकाकांनी ती निमूट बोटात घातली असती. पण राजेश आणि मानसीने त्यांच्या हातात पाकीट ठेवलं आणि त्यातून निघालं काय, तर शार्कबरोबर पाण्यात उतरायचं तिकीट. कांदिवलीतच, घरापासून रिक्षाच्या अंतरावर, एका मॉलच्या तळघरात नवं मत्स्यालय उघडलं होतं. तिथे म्हणे माणसाला पिंजऱ्यात घालून टाकीत सोडतात आणि शार्क येऊन त्याला बघून जातात.

खरं तर हे काकांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. शार्कला कोकणात मोरी म्हणतात, आणि लहानपणी आपण अशा मोऱ्यांच्या घोळक्यातून पोहत शाळेत जायचो, ही गोष्ट त्यांनी आधी राजेशला आणि मग नात स्वरदाला इतक्या वेळा सांगितली होती की त्या गोष्टीला दर वेळी नवी मोरी फुटायची. आता काकांचं गाव कणकवलीच्या वर, डोंगराकडे. समुद्र बघायचा तर एसटी पकडावी लागे. पुढे साकीनाक्याच्या वर्कशॉपात जन्म गेला, तिथे पाण्याशी संबंध बादलीपुरता. मोरीची गाठ पडायची ती रविवारी, खोबऱ्याच्या वाटपात शिजलेली.

स्वरदा ती गोष्ट तोंडात घास तसाच ठेवून ऐकायची. काकांना शार्कची भीती होतीच, नाही कशाला म्हणा. पण त्या पोरीच्या नजरेतून उतरायची त्याहून जास्त होती. खरं ठाऊक होतं ते एकट्या रत्नप्रभाकाकूंना. त्यांचं माहेर देवबागचं, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला चारचौघांत एकदाही खोटं पाडलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जिती मोरी कशी फिरता, ता माका बघूचा आसा."

काकांनी रात्रभर डोकं चालवलं. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळणार, ती टळली की पुढच्याचा नंबर. म्हणजे वेळ काढायचा. आणि वेळ काढायला गाऱ्हाण्यासारखं दुसरं साधन नाही. देवापुढे नारळ धरून मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं, ही मालवणी मुलखाची रीत. गावच्या देवळात तो मान घाडी घराण्याचाच. काकांनी सकाळीच पिशवीत नारळ टाकला.

टाकीच्या काठावर यज्ञेश नावाचा तरुण गाईड पाहुण्यांना माहिती देत होता. काकूंनी त्याचा ताबाच घेतला. या झोपतात कधी? पिल्लं घालतात की अंडी? एकमेकींना ओळखतात का? यज्ञेश बिचारा खुशीत उत्तरं देत होता, आणि खाली निळ्या पाण्यातून करडी मोरी संथपणे वळून जात होती. काकांनाही राहवलं नाही. एवढी मोठी झाली तरी हिचा आवाज कसा होत नाही, असं वाटून ते वाकून बघत राहिले. मग तिने तोंड उघडलं, आणि काकांना नारळाची आठवण झाली.

नारळ फोडायचा नाही या अटीवर यज्ञेशने परवानगी दिली. काका दोन्ही हातांत नारळ धरून काठावर उभे राहिले.

"बा देवा महाराजा," त्यांनी सूर लावला, "आज ह्या तुझा लेकरू मोरयेच्या पाण्यात उतरतासा, तेका सुखरूप वर काढ रे महाराजा!"

"व्हय महाराजा," काकू आणि राजेश म्हणाले. दुसऱ्या वाक्याला मागच्या रांगेतली माणसंही म्हणू लागली. काकांना चेव आला. गावचा देव झाला, बिल्डिंगचा झाला, पिंजऱ्याच्या साखळीला बळ दे झालं; यज्ञेशला चांगली बायको दे इथपर्यंत त्यांनी मागणं नेलं. वेळ संपत आली होती. नेमका त्याच वेळी अख्ख्या रांगेने असा काही "व्हय महाराजा" ठोकला की काका दचकले आणि नारळ हातातून सुटून पाण्यात गेला.

त्याच कोपऱ्यात मोऱ्यांना रोज खाणं टाकत. डुबुक आवाज झाल्याबरोबर टाकीतल्या सगळ्या धावून आल्या, नारळाला ढुशा देऊ लागल्या, आणि तो ढकलला जात जात पाणी बाहेर ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडात पक्का बसला. मोटर घरघरली. यज्ञेशने ती घाईने बंद केली. मोटर बंद राहिली तर माशांचा जीव घुसमटेल, म्हणाला. पाण्यात उतरणारा डायव्हर जेवायला गेलेला, आणि पिंजरा वर-खाली करायला यज्ञेशला जागेवर थांबणं भाग होतं. नारळाला मात्र पिंजऱ्यातून हात पोचत होता.

"मग टेन्शन कसलं?" राजेश छाती फुगवून म्हणाला. "बाबा आहेत ना. या माशांबरोबर लहानाचे मोठे झालेत ते."

सगळी रांग काकांकडे बघू लागली. काकांनी गुडघ्याचं काढलं, ते कोणी मनावर घेतलं नाही. स्वरदाने हळूच त्यांचा हात धरला.

"ह्यांचा गुडघा खरोखर दुखता," काकू म्हणाल्या. "मी जातंय."

काळा सूट चढवून त्या पिंजऱ्यातून खाली गेल्या तेव्हा मानसीने डोळे मिटून घेतले. काकांना मात्र मिटता येईनात. मोरी पिंजऱ्याला घासून गेली तसे ते काठावरून आणखी खाली वाकले. आपल्या थापेपायी ही बाई तिथे आहे, एवढंच त्यांना सुचत होतं. नारळ तर केव्हाच निघाला होता. काकू आपल्या पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात सराईतपणे हातपाय मारत मोऱ्या बघत राहिल्या होत्या.

त्या वर आल्या त्या नारळ काखोटीला मारून. "डोळो अगदी मांजराचो हा गो," त्या स्वरदाला सांगू लागल्या. रांगेने टाळ्या वाजवल्या. राजेश थक्क झाला होता. आईला पोहता येतं हे त्याला या वयात कळत होतं.

"आई, तुला कोणी शिकवलं?"

काकांनी मान खाली घातली. काकूंनी केस पिळले आणि म्हणाल्या, "कोणी म्हणजे? ह्यांनीच."

काकांना भरून आलं. तेवढ्यात राजेश म्हणाला, "बेस्ट! बाबा, उद्यापासून स्वरदालापण तुम्हीच शिकवायचं. पालिकेच्या तलावाचं मी आत्ताच बघतो."

येताना दोन रिक्षा कराव्या लागल्या. राजेश आणि मानसी पुढे गेले. मागच्या रिक्षात आजी-आजोबांच्या मध्ये स्वरदा बसली. काका घामाघूम. उद्या काय सांगायचं, हे काही केल्या सुचेना. सिग्नलला रिक्षा थांबली तशी स्वरदा त्यांच्या कानाशी आली.

"आजोबा, आपण दोघं एकदमच शिकू. आजी शिकवेल."

काका कुजबुजले, "तुका कधी कळला?"

"दुसरीत असताना. पण पप्पाला सांगू नकोस हां, त्याला अजून ते सगळं खरं वाटतं."