विसूअप्पा कासव आणि उंबरआळीची मेट्रो

मुलांनो, नीट बसा. मोबाईल पालथे ठेवा. एका जंगलात सकाळच्या वेळी वाहतूक तुंबायची, त्या जंगलातली ही गोष्ट आहे.

हसू नका. जंगल काही पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. आजूबाजूच्या रानांतून प्राणी पोटापाण्यासाठी येत गेले आणि जंगल वाढत गेलं. पाणवठ्याकडे जाणारी वाट मात्र एकच होती. सकाळी त्या वाटेवर गवे, रानडुकरं आणि हत्ती सगळेच निघायचे. हत्तीला ओलांडून पुढे जाता येत नाही आणि हत्तीला कधी घाई नसते. त्यामुळे मागचे सगळे एकमेकांवर ओरडत उभे राहायचे.

या जंगलाच्या मधोमध उंबरआळी होती. तिथे उंबराची जुनी झाडं, झाडांत ढोल्या आणि मुळांत बिळं होती. भाडी जुनी होती आणि भांडणं त्याहून जुनी. आळीच्या तोंडाशी भार्गव मुंगसाचं केशकर्तनालय होतं. अस्वल आलं की दुपारपर्यंत खुर्ची अडायची, पण धंदा बरा चालायचा.

त्या दुकानात विसूअप्पा कासव रोज येऊन बसायचे. त्यांच्या अंगावर कापण्यासारखा एकही केस नव्हता. ते गप्पांना यायचे. गिऱ्हाईक नसलं की भार्गव त्यांच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवून द्यायचा.

अप्पांना एकच लेक होती, वेणू. तिला जंगलाच्या पार त्या टोकाला, मोठ्या तळ्यावर दिली होती. अप्पा एकदा नातवाच्या बारशाला म्हणून निघाले. पोचले तेव्हा नातू शाळेतून घरी येत होता. त्यानेच दारात विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

ही हकिकत अप्पा हसत हसत सांगायचे. सांगून झाली की थोडा वेळ मान आत घ्यायचे.

पुढे काय झालं, तर सिंहमहाराज एका परदेशी जंगलाचा दौरा करून आले. तिथे त्यांनी खांबांवरून धावणारी गाडी पाहिली होती. परतल्यावर त्यांनी डरकाळी फोडली, "आपल्याकडेही मेट्रो झाली पाहिजे!"

दरबारातले सगळे म्हणाले, "वा!" मेट्रो म्हणजे काय, ते त्यांनी नंतर एकमेकांना विचारून घेतलं.

कामाचे प्रमुख म्हणून बगळेसाहेबांना नेमलं. बगळेसाहेब चिखलात उभे राहूनही पांढरे राहायचे, म्हणूनच हे खातं त्यांना दिलं होतं. त्यांनी उंबरआळीत सभा घेतली. एका पायावर उभं राहून, चोचीने नकाशा दाखवत ते म्हणाले, "एक टोक खैराच्या माळाजवळ, दुसरं टोक मोठ्या तळ्यावर. आणि मधलं स्टेशन, बंधुभगिनींनो, आपली उंबरआळी!"

टाळ्या पडल्या. अप्पा सावकाश उठले. ते उठेपर्यंत सभेने वाट पाहिली.

"साहेब, तळ्यावर जायला वेळ किती लागेल?"

"आजोबा, तुम्ही एक जांभई द्यायची. जांभई संपेपर्यंत तळं."

"आणि गाडी सुरू कधी होणार?"

"लवकरच," बगळेसाहेब म्हणाले.

अप्पांचे डोळे भरून आले. आयुष्यात त्यांना कुणी "लवकर" म्हटलंच नव्हतं.

काम सुरू झालं. आळीच्या दोन्ही बाजूंना उंच निळे पत्रे उभे राहिले. पत्र्यांवर हसऱ्या हरणाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आपली गैरसोय, आपल्याच सोयीसाठी'. पत्र्यांच्या आत घुशी खणत होत्या, सुतारपक्षी ठोकत होते आणि हत्ती खांब उचलून आणत होते. धुळीने चितळांचे ठिपके दिसेनासे झाले. टिटवीबाई आळीत गाण्याची शिकवणी घ्यायच्या. त्यांचा आवाज ठोकाठोकीत बुडाला. यावर मात्र शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही.

भार्गवचं दुकान पत्र्यांच्या बरोबर मागे गेलं. गिऱ्हाइकांना दार सापडेना. अस्वलाने एकदा पत्र्याला वळसा घालून यायचा प्रयत्न केला. वळत वळत ते भलत्याच बाजारात निघालं आणि तिथेच केस कापून घेतले. मग ते तिकडेच जायला लागलं.

भार्गव दिवसभर रिकाम्या खुर्चीजवळ वस्तऱ्याला धार लावत बसायचा. एक दिवस अप्पा धुळीतून वाट काढत आले आणि उत्साहाने म्हणाले, "अरे भार्गव, आज तिसरा खांब उभा राहिला. पाहिलास का?"

"पाहिला. माझ्या दारातच आहे. दुसरं काय दिसतंय मला?"

"होईल रे लवकरच. थोडी कळ काढ."

भार्गवने वस्तरा खाली ठेवला. "तुमचं काय जातंय अप्पा, कळ काढ म्हणायला? तुमची लेक जवळ यावी म्हणून माझं दुकान बसलं. त्या सभेत सगळ्यांत जास्त टाळ्या तुम्हीच वाजवल्यात!"

अप्पांनी मान आत घेतली आणि घरी गेले. तेवढ्या अंतराला त्यांना बराच वेळ लागला, आणि ते दिसेनासे होईपर्यंत भार्गव दारात उभा होता. हाक मारावी असं त्याला वाटत होतं. त्याने मारली नाही.

त्यानंतर अप्पा दुकानात यायचे बंद झाले.

अशात एके दिवशी कावळा निरोप घेऊन आला. वेणूला बरं नव्हतं. "अप्पांना बघावंसं वाटतंय," असं तिने सांगून पाठवलं होतं.

अप्पा तडक, म्हणजे त्यांच्या मानाने तडक, बगळेसाहेबांकडे गेले. "साहेब, माझी मुलगी आजारी आहे. गाडीचं काय झालं?"

"आजोबा, लवकरच."

"मग मी चालत निघतो."

"छे छे! चालत निघालात तर वाटेतच असाल आणि डोक्यावरून मेट्रो निघून जाईल. वाईट वाटेल तुम्हाला."

अप्पा घरी आले. रात्रभर विचार केला आणि सकाळी निघाले. निळ्या पत्र्यांच्या शेवटापर्यंत पोचले, तर तिथे भार्गव बसला होता. खांद्यावर पिशवी आणि कानामागे कंगवा.

"तू कुठे निघालास?" अप्पांनी विचारलं.

"तळ्यावर. वेणूताईला बघायला. कावळ्याने सांगितलं मला."

"आणि दुकान?"

"दुकानाला काय होतंय? गिऱ्हाईकच नाही तर बंद काय आणि चालू काय." मग जरा थांबून तो म्हणाला, "अप्पा, त्या दिवशी मी बोललो ते..."

"चल आता. आधीच उशीर झालाय," अप्पा म्हणाले.

मुलांनो, कासवाबरोबर चालणं सोपं नसतं. मुंगसाला तर फारच अवघड. भार्गव सुळकन पुढे जायचा, पुढची वाट बघून परत यायचा, पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. अप्पा एकदा चालले, तोवर तीच वाट भार्गव कितीदा तरी चालला. वाटेत त्याने पुष्कळ गोष्टी सांगितल्या. सांगायच्या गोष्टी संपल्यावर त्याच पुन्हा सांगितल्या. अप्पांनी प्रत्येक वेळी नव्याने विचारलं, "मग काय झालं?"

एकदाचे ते तळ्यावर पोचले. वेणू काठावर शिंगाडे सोलत बसली होती. ती बरी झाली होती. खरं सांगायचं तर बरी होऊन पुन्हा आजारी पडली होती आणि त्यातूनही बरी झाली होती.

"अप्पा! अहो, एवढं चालत आलात?" ती रडायला लागली.

"तू हाक मारलीस ना?" अप्पा म्हणाले.

दोघे तिथे बरेच दिवस राहिले. भार्गवने तळ्यावरच्या सगळ्या उदमांजरांचे केस कापून दिले. मग निरोप घेऊन ते परत निघाले. आणि परतीच्या वाटेवर, उंबरआळी जवळ आली असताना, त्यांच्या डोक्यावरून काहीतरी सूं करून गेलं.

"काय होतं रे ते?" अप्पांनी वर बघितलं.

"मेट्रो," भार्गव म्हणाला.

उंबरआळी त्यांना ओळखू आली नाही. निळे पत्रे गेले होते. उंबरही गेले होते. जुन्या झाडांच्या जागी उंच उंच नवी घरं झाली होती. त्यांना नाव दिलं होतं 'उंबर हाइट्स'. गॅलरीत बिबटे योगासनं करत होते. चितळांचं कुटुंब आळी सोडून गेलं होतं. बिबटे शेजारी आल्यावर ते का गेलं, हे विचारायची गरज नव्हती.

बिळांचे आणि ढोल्यांचे व्यवहार कोल्हेशेठ बघायचे. ते फार गोड बोलायचे. "या अप्पा! अभिनंदन! तुम्ही आता स्टेशनपासून चालत दोन मिनिटांवर आहात. म्हणून भाडं थोडं वाढलंय."

अप्पांनी नवीन भाडं ऐकलं आणि म्हणाले, "शेठ, दोन मिनिटांत मी कुठेच पोचत नाही. माझ्या पायांनी स्टेशन अर्ध्या दिवसावर आहे. त्या हिशेबाने भाडं लावा."

कोल्हेशेठ खूप हसले. भाडं तेच ठेवलं.

"पण यांचं घर तर यांच्या पाठीवर आहे!" भार्गव तावातावाने म्हणाला.

"घराचं भाडं मी मागतच नाही. ते घर जिथे ठेवलंय, त्या जागेचं मागतो," शेठ म्हणाले.

मग दोघांनी सामान उचललं. अप्पांना तर उचलावंही लागलं नाही. खैराच्या माळाच्याही पलीकडे, शेवटच्या स्टेशनपासून लांब, एक मोकळं माळरान होतं. सावली नव्हती, पण भाडं परवडत होतं. चितळं आणि टिटवीबाई तिथे आधीच येऊन राहिली होती.

भार्गवला उंबरआळी स्टेशनखालच्या 'मयूर ग्रूमिंग स्टुडिओ'त नोकरी लागली. जागा त्याच्याच जुन्या दुकानाची. मालक मोर. तो स्वतःच्या पिसाऱ्याला मात्र कुणाला हात लावू द्यायचा नाही. भार्गव आता पहाटे उठून माळावरून स्टेशनपर्यंत धावायचा आणि तिथून मेट्रोने जायचा.

"नसती मेट्रो तर मी कामावर पोचलोच नसतो," एकदा तो अप्पांना म्हणाला. बोलून झाल्यावर तो बराच वेळ काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता.

अप्पांनी ठरवलं, आता आपणही मेट्रोने वेणूकडे जायचं. चालत चालत ते स्टेशनावर पोचले. भार्गवने मागून ढकललं म्हणून दार बंद व्हायच्या आत ते गाडीत शिरले. गाडी निघाली. अप्पांनी जांभई दिली, आणि बगळेसाहेबांनी खोटं सांगितलं नव्हतं. जांभई संपली तेव्हा तळं आलं होतं.

अप्पा आनंदाने खाली उतरले. काठावर फरशी घातली होती. पाण्यात कारंजं उडत होतं. एक बदक टोपी घालून नौकाविहाराची तिकिटं देत होतं.

"इथे वेणू कासव राहते ना?" अप्पांनी विचारलं.

"पूर्वी राहायची. तळं सुशोभित केल्यावर कासवांना डोंगरामागच्या घळीत हलवलं. चालत जावं लागेल, आजोबा. तिकडे गाडी नाही."

अप्पा चालत गेले. वेणूच्या दारात पोचले तेव्हा नातवाला दाढी फुटायची तेवढी बाकी होती. यावेळी त्याने ओळखलं, एवढं बरं.

वेणूने त्यांचे पाय चेपून दिले. मग म्हणाली, "अप्पा, आता असं करू. तुम्ही तुमच्या स्टेशनावर चालत या, मी माझ्या येईन. मध्ये भेटू. निम्मं चालणं तरी वाचेल."

ठरलं. कावळ्याकरवी दिवस पक्का झाला. दोघेही आपापल्या टोकाने निघाले आणि उंबरआळी स्टेशनच्या फलाटावर भेटले. बाकावर शेजारी शेजारी बसले. वेणूने शिंगाड्यांचं गाठोडं सोडलं.

तेवढ्यात शिट्टी फुंकत रखवालदार माकड आलं. "फलाटावर बसायचं नाही! चढा, नाहीतर उतरा!"

बाहेर उतरून बसायला उंबरआळीत त्यांची जागा कुठे होती? म्हणून ते गाडीत चढले. गाडी टोकाला गेली की तिथून उलट दुसऱ्या टोकाला जायचे. आजूबाजूचे प्राणी चढत होते, उतरत होते. बाप-लेक खिडकीशी बसून होते.

पण मुलांनो, गाडी फार वेगात होती. वेणूने एक शिंगाडा सोलून अप्पांच्या हातावर ठेवावा, तोवर शेवटचं स्टेशन यायचं. नातवाचं लग्न ठरल्याचं ती सांगायला लागली, तर मुलीचं नाव सांगायच्या आत दारं उघडली आणि सगळे धक्काबुक्की करत उतरले.

अप्पा उठले. हळूहळू पुढच्या डब्यापर्यंत गेले. गाडी चालवायला चित्ता होता. त्याच्या काचेवर त्यांनी टकटक केलं.

"काय आजोबा?" चित्त्याने विचारलं.

अप्पा म्हणाले, "बाळा, जरा हळू घेशील का रे?"

तात्पर्य : वेगवान गाडीचा खरा उपयोग लांब राहणाऱ्यांनाच होतो. म्हणून शहाण्या राजाने गाडी सुरू करण्याआधी सगळ्यांची लांब राहण्याची सोय करावी.