धैर्यवान सरांचं वार्षिक नियोजन

शाळेच्या वार्षिक नियोजनात अगदी शेवटी एक रकाना असतो, 'अध्ययन निष्पत्ती'. म्हणजे वर्षअखेर मुलांना काय यायला हवं, ते. बाकीचे शिक्षक तिथे 'विद्यार्थी सोपी वाक्ये लिहितो' असं काहीतरी सरकारी लिहून मोकळे होतात. धैर्यवान सर तिथे दरवर्षी एकच शब्द लिहायचे: 'अशक्य'. आमच्या मुख्याध्यापिका राणे बाई त्यावर पांढरी शाई फिरवायच्या. शाई वाळली की सर तिच्यावरच पुन्हा 'अशक्य' लिहायचे, जरा ठळक.

आडनाव धैर्यवान. पाठारे प्रभूंमध्ये हे आडनाव असतं, त्यात सरांचा काही दोष नाही. उंच, थोडे वाकलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात लाल पेन. चेहरा असा, की नवीन पालक त्यांना पाहून हळूच विचारत, "सरांच्या घरी काही झालंय का?" त्यांना सांगावं लागे, की काही झालेलं नाही, सर इंग्रजी शिकवतात.

लालबागच्या त्या मराठी शाळेत मी लागले तेव्हा तिसरी-चौथीच्या इंग्रजी लेखन आणि व्याकरणाचं वर्षाचं नियोजन आम्हा दोघांकडे आलं. काम दोन दिवसांचं. सरांबरोबर ते मे महिनाभर चालायचं. रिकाम्या वर्गात पंखा कुरकुरत असायचा, मी म्हणायची, "सर, जूनमध्ये नाम घेऊ या?" आणि सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "घ्या. नाम घ्या, सर्वनाम घ्या, काय हवं ते घ्या. पण 'द' चं काय करणार आहात, सावंत बाई?"

'द' हे त्यांचं जुनं दुखणं होतं. 'ए' आणि 'अॅन' एक वेळ शिकवता येतात, पण 'द' मराठी माणसाला येणं नाही, असं त्यांचं ठाम मत. "आमच्या घराण्यात चार पिढ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होत्या," ते सांगायचे. "चारही पिढ्या 'द' चुकीच्या जागी लावून वारल्या. साहेबाने रेल्वे दिली, गिरण्या दिल्या, पोस्ट दिलं. 'द' तेवढा जाताना बरोबर घेऊन गेला."

नियोजन मात्र ते जीव ओतून करायचे. जुलैत 'इज, अॅम, आर'. ऑगस्टमध्ये 'ए' आणि 'अॅन'. गणपतीच्या दिवसांपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'सर्व रस्ते बंद, व्याकरणही'. लालबागमध्ये ते खरंच आहे, त्यामुळे राणे बाईंनीही ते खोडलं नाही. भूतकाळ थेट मार्चमध्ये, कंसात 'वेळ उरल्यास'. मी म्हटलं, "सर, मुलं काल काय केलं ते कधी सांगणार मग?" सर म्हणाले, "मार्चमध्ये सांगतील. तोवर काल काय केलं ते त्यांच्या आयांना माहीत असतं."

शाळेतून निघाले की ते पाट्या वाचत जायचे. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर 'क्लोज्ड ऑन मंडे' लिहिलेलं होतं, त्यातल्या 'क्लोज्ड'मध्ये एक एस जास्त होता. सरांनी मालकाला दोनदा सांगून पाहिलं. तो वडे तळता तळता म्हणाला, "सर, सोमवारी बंद असतं, ते लोकांना कळतं ना?"

"कळतं," सर म्हणाले. "तेच तर दुःख आहे." आणि एक वडापाव घेऊन पुढे निघाले.

आमचं खरं भांडण निबंधांवरून झालं. मला हवे होते माझी सहल, माझा मित्र, माझा आवडता प्राणी. सरांना हवा होता रजेचा अर्ज आणि पाणी न आल्याची तक्रार. "ह्या मुलांना जन्मभर इंग्रजीत एवढंच लिहायचंय, बाई. सहलीवर निबंध कोण मागणार आहे त्यांच्याकडे?"

शेवटी प्राण्यावर तडजोड झाली. पण गाय नको, असं सर म्हणाले. दरवर्षी अख्खा वर्ग लिहायचा, गायीला चार पाय असतात, दोन शिंगं असतात. "लालबागमध्ये गाय पाहिलीय कुणी? उंदीर पाहतात ही पोरं. उंदरावर लिहू द्या."

म्हणून तिसरीने उंदरावर लिहिलं. वह्या तपासताना सरांचं लाल पेन मधेच थांबलं. मग एक वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. 'द रॅट इज इन माय हाऊस. द रॅट इज बिग. माय फादर हिट. द रॅट इज गो.' दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्याही वहीत तेच. क्रियापदांचा चुराडा झाला होता, पण प्रत्येक उंदराच्या आधी 'द' जागच्या जागी उभा होता.

"कसं काय, सर?"

"कारण तो त्यांच्या ओळखीचा उंदीर आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "कुठलातरी नाही. तोच तो. 'द' म्हणजे तेवढंच असतं."

मला वाटलं, आता शेवटच्या रकान्याचं काहीतरी होईल. सरांनी वह्यांचा गठ्ठा नीट लावला आणि म्हणाले, "उंदीर संपले की पुन्हा विसरतील."

दिवाळीची सुट्टी संपली आणि संस्थेने आम्हाला सभेला बोलावलं. मराठी माध्यमाची पटसंख्या राहिली नव्हती. पुढच्या जूनपासून आमचे प्राथमिकचे वर्ग बंद. मुलांना मागच्या इमारतीतल्या संस्थेच्याच इंग्रजी शाळेत घेणार होते, पण जागा असतील तेवढ्यांनाच, आणि त्याआधी मुलांशी एक 'संवाद' होणार होता. मुलांची प्रवेश परीक्षा घ्यायला बंदी आहे, म्हणून तिला 'संवाद' म्हणायचं ठरलं होतं. संवादात इंग्रजीतून दहा ओळी लिहायच्या होत्या.

सर उठले, "बरं," म्हणाले आणि बाहेर गेले. मी मागून गेले तर ते जिन्यात उभे राहून भिंतीवरचा सुविचार वाचत होते. त्यात व्याकरणाची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सर शाळा भरायच्या आधीच वर्गात यायला लागले. कुणाला बोलावलं नव्हतं, पण पालकांना कळलं आणि मुलं यायला लागली. त्यांच्या आया दाराबाहेर पायऱ्यांवर बसायच्या, आतलं ऐकून ओठांतल्या ओठांत 'धिस इज, दॅट इज' म्हणायच्या. सर फळ्यावर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. मधल्या सुट्टीत मला म्हणायचे, "काही होणार नाही, बाई. होतंय असं वाटतं, पण होणार नाही." आणि डबा न उघडताच पुन्हा वर्गात जायचे.

त्या मुलांत वेदिका परब होती. तिसरीतली, बारीक, कमी बोलणारी. करी रोडला त्यांची चाळ होती. गणपती झाल्यावर ती पाडायला घेतली, तिथे टॉवर होणार होता. परबांना सायनच्या पलीकडे ट्रान्झिट कॅम्पात तात्पुरती खोली मिळाली. शाळा सुटू नये म्हणून आई तिला तिथून रोज बसने आणायची. वर्ग सुरू व्हायच्या आधी वेदिका पोहोचलेली असायची, केस अजून ओले.

फेब्रुवारीत संवाद झाला. विषय आला, 'माझं घर'. मुलं हसत बाहेर आली, कारण हा विषय सरांनी घोटून घेतला होता. 'धिस इज माय हाऊस. इट इज स्मॉल. इट हॅज टू विंडोज.' वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची नावं यादीत लागली. सरांकडून एवढं होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, सरांना तर नाहीच. राणे बाईंनी पेढे मागवले. सर यादीपुढे उभे राहून ती वरून खाली आणि पुन्हा वरून खाली वाचत राहिले. मग मला म्हणाले, "वेदिका नाही ह्यात."

"सर, काहीजण राहणारच."

"ती राहणार नाही," सर म्हणाले. "चला."

मागच्या इमारतीत इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका बसायच्या, मिसेस डिमेलो. दादरच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. सर त्या इमारतीत आजवर कधी गेले नव्हते. बाहेरच्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. सर गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे.

आत गेल्यावर सरांनी वेदिकाचा पेपर बघायला मागितला. मिसेस डिमेलोंनी कपाटातून काढून टेबलावर ठेवला. मीही वाकून पाहिला.

'माय हाऊस वॉज इन करी रोड. इट वॉज स्मॉल. इट हॅड वन विंडो. आय सॉ द गणपती फ्रॉम द विंडो. नाऊ इट इज नॉट.'

तपासणाऱ्याने प्रत्येक 'वॉज'वर लाल रेघ मारून वर 'इज' लिहिलं होतं. 'हॅड'चं 'हॅज' केलं होतं. शेवटच्या वाक्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह होतं.

"ह्या चुका नाहीत, मॅडम," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली. "चाळ पाडली त्यांची. घर होतं, आता नाही. तिने बरोबर लिहिलंय."

मिसेस डिमेलोंनी चष्मा लावून पेपर पुन्हा वाचला. सावकाश वाचला.

"भूतकाळ माझ्या नियोजनात मार्चमध्ये आहे," सर पुढे म्हणाले. "मी कुणालाच शिकवला नव्हता. जानेवारीत ही मला विचारत आली, सर, पाडलेल्या घराला 'इज' लावायचं का? मी म्हटलं, नाही बाळ, 'वॉज' लाव. मग 'हॅज'चं काय, 'सी'चं काय, एकेक विचारत गेली, मी सांगत गेलो. इतक्या वर्षांत नियोजन मोडलं ते तेवढंच. सांगितलं नसतं तर तिने बाकीच्यांसारखं 'इज' लिहिलं असतं, आणि आज यादीत असती." ते थांबले. "म्हणजे ती चूक माझ्याकडून झाली, मॅडम. तिच्याकडून नाही."

बाईंनी चष्मा काढला. "सर, पेपर बरोबर आहे. तुमच्यासमोर कबूल करते. पण यादी संस्थेकडून मंजूर होऊन आलीय, आणि जागा भरल्या. माझ्या हातात एक जरी असती तर दिली असती."

"बघा काही होतं का," सर म्हणाले. ह्या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"लिहून कळवते त्यांना. होईल असं सांगत नाही."

सर उठले, हात जोडले आणि निघाले. जिना उतरताना ते कठड्याला धरून उतरले. खाली अंगणात आमच्या शाळेची मुलं पेढे खात होती. एकाने पळत येऊन सरांच्या हातावर अर्धा पेढा ठेवला. सरांनी तो खाल्ला आणि मुलाला म्हणाले, "थँक यू. आता हात धू."

मिसेस डिमेलोंनी संस्थेला लिहिलं, पण काही झालं नाही. वेदिकाला कॅम्पाजवळच्या महापालिकेच्या शाळेत घातलं. मे महिन्यात आमच्या वर्गांना कुलूप लागलं, त्याच महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सर्वांचे आभार मानले आणि खाली बसले. माझी बदली परळच्या दुसऱ्या शाळेत झाली. तिथलं नियोजन मी एका दुपारी उरकलं. कुणी वाद घालायला नव्हतं.

पावसाळ्यात एका संध्याकाळी वेदिकाच्या आईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं विचारून झालं, मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हाला एक विचारायचं होतं. धैर्यवान सर येतात आमच्याकडे."

"शिकवायला?"

"आधी शिकवायलाच यायचे. काळ-बिळ सगळे झाले म्हणे. आता ही तिचं तिचं लिहीत बसते आणि सर नुसते खुर्चीत बसतात. चहा दिला तर घेतात. दिवे लागले की उठतात. प्रभादेवीवरून दोन बस बदलून येतात हो, ह्या वयात. हे म्हणाले, सरांना सांग, उगाच त्रास नको. तसं मी बोलले, तर म्हणाले, बरं. आणि दुसऱ्या दिवशी परत हजर." त्या जरा घुटमळल्या. "रागावले तर नाहीत ना? आमचं काही चुकत नाही ना?"

"नाही चुकत."

"त्यांच्या घरी कोण असतं?"

"कोणी नसतं," मी म्हटलं. "बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. वेदिका काहीतरी मोठ्याने वाचत होती आणि तिला कुणीतरी मधेच अडवत होतं.

"मग येऊ देत," वेदिकाची आई म्हणाली. "आता आलेच आहेत, तर जेवूनच पाठवते. बांगडे आणलेत आज. चालतात ना त्यांना?"

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. मी सांगितलं, चालतात.