फरासखान्याचे दरोगे निंबाजी यांनी उभा डेरा हलविला त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलदेवतेस नमन, आणि ज्याच्या हाती हा कागद पडेल त्याच्या सबुरीस विशेष नमन. शके सोळाशे अठ्ठावन्न, नलनाम संवत्सर, कार्तिक मासी, नदीकाठच्या एका राज्यात (राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, ऐसी राज्ये पुष्कळ) फरासखान्याचा कारभार निंबाजी खैरमोडे यांजकडे आला, आणि तेथपासून जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. फरासखाना म्हणजे डेरे, राहुट्या, कनाती आणि मेखा यांचे खाते. महाराजांची स्वारी जेथे मुक्कामास उतरणार तेथे आगाऊ जाऊन कापडाचे नगर उभे करावे, आणि स्वारी हलली की ते नगर गुंडाळून गाड्यांत घालावे, इतकेच काम. खात्यात साठ फरास, त्यांचे नाईक गोमाजी सातपुते, वय साठीचे, बोलणे कमी आणि पाहणे अधिक. निंबाजींचे आधी दरोगे होते ते फुलाजीराव. माणूस उमदा, शूर, दानी, परंतु त्यांच्या सकाळच्या हुकुमाने दुपार कधी पाहिली नाही. सकाळी म्हणावे, डेऱ्याचे तोंड पूर्वेस करा. मग न्याहारी करावी आणि म्हणावे, पश्चिमेस करा. मग दिवाणांचा कारकून भेटून जावा आणि म्हणावे, पूर्वेसच बरे होते, कोण्या गाढवाने फिरविले. आणि ज्याने फिरविले त्यास चाबूक, आणि ज्याने फिरविले नाही त्यासही चाबूक, हुकूम मोडिला म्हणून. मग फरासांनी काय करावे? त्यांनी रोज मुदपाकात माणूस पाठवून पुसावे की आज सरकारांनी काय खाल्ले. थालीपीठ खाल्ले तर दिवस बरा, नुसती पेज घेतली तर पोट बिघडले आहे, चार हात लांब राहावे. आणि ऐसे सोसता सोसता खात्यात एक रिवाज पडला, की पहिला हुकूम कानाचा, दुजा मानेचा, तिजा हाताचा. पहिला ऐकून घ्यावा, दुजास मान डोलवावी, आणि तिजा आला म्हणजे मग मेखा ठोकण्याची मोगरी उचलावी. या रिवाजाने बावीस वर्षे खाते सुखाने चालिले, म्हणजे चालिले.

निंबाजी दरोगे जाहले आणि पहिलाच मुक्काम माळावर पडला. निंबाजींनी घोड्यावरून उतरून जागा पाहिली आणि बोलिले, "मोठा डेरा इथं. राहुट्या मागं दोन रांगांनी." साठही फरासांनी आदबीने ऐकिले आणि मेखांच्या ढिगावर बसून राहिले. निंबाजींना वाटले, दम खात असतील. मग घटका गेली, दोन गेल्या. मग त्यांनी गोमाजीस पुसिले, "नाईक, कशाची वाट बघता?" गोमाजी बोलिले, "दुजाची, सरकार. आणि मग तिजाची." आणि रिवाज होता तो सर्व सांगितला, लपविले काही नाही, कारण त्यात लपविण्याजोगे काही आहे ऐसे त्यांस वाटतच नव्हते. निंबाजी रागीट नव्हते, परंतु हट्टी होते. ते मनात बोलिले, आज ओरडलो तर तोच दुजा होईल. मग तेही मेखांच्या ढिगावर बसले. ऊन उतरले, स्वारी येऊन ठेपली, आणि त्या दिवशी अवघा दरबार उघड्या माळावर थंडीत निजला, त्यात दिवाण त्र्यंबकपंत यांची कानटोपीही गाडीतच राहिली, ती गोष्ट पंत पुढे विसरले नाहीत. सकाळी गोमाजी येऊन बोलिले, "सरकार, दुजा कधी?" निंबाजी बोलिले, "दुजा नाही." "मग तिजा?" "तोही नाही. काल सांगितलं तेवढंच." गोमाजींनी माघारी जाऊन फरासांस सांगितले, "हा गडी वेगळा दिसतो रे. एकाच हुकुमात भागवतो."

मग एक वर्ष निंबाजींनी तोच क्रम ठेविला. हुकूम द्यावा तो विचार करून, आणि दिला की फिरवू नये. चूक सर्वांस एकच आणि तिची सजाही एकच, आठ दिवस खात्याचे पाणी भरणे, मग तो फरास असो की कारकून. त्यांचा सख्खा मेहुणा केरोजी खात्यात होता, तो मुक्कामास उशिरा आला, त्यानेही आठ दिवस पाणी भरिले, आणि निंबाजींच्या पत्नी सगुणाबाई नऊ दिवस बोलल्या नाहीत, एक दिवस माहेरच्या वतीने अधिक. महाराजांचे मामासाहेब आपली राहुटी मोठ्या डेऱ्याशेजारी हवी म्हणून रुसून बसले, त्यांस निंबाजी नम्रपणे बोलिले, "मामासाहेब, रांग लागली आहे, आता आपणच रांगेची शोभा." सकाळी जो चेहरा तोच संध्याकाळी. मुदपाकात माणूस पाठविणे बंद जाहले, कारण दरोग्यांनी काय खाल्ले यावर काहीच अवलंबून राहिले नाही, आणि आचारी त्या गोष्टीने थोडा उदास जाहला. येणेप्रमाणे वर्षाअखेरीस निंबाजींनी तोंड उघडावे आणि मोगऱ्या वाजू लागाव्या ऐसे खाते जाहले, आणि निंबाजींना वाटले की आपण कारभार जिंकिला. माणसास ऐसे वाटते तो दिवस जपून राहण्याचा असतो, परंतु ते त्यांस कोणी सांगितले नाही.

शके सोळाशे एकूणसाठ, पिंगलनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. शेजारचे राजे भेटीस यावयाचे ठरले. उभय राज्यांत नदीच्या पाणवठ्यावरून तीन पिढ्यांचे वैर, ते मिटवून करार व्हावा ऐसा मनसुबा. भेटीची जागा डोंगराच्या पूर्वेस, मोकळ्या पठारावर. पाहुणे राजे मोठे पराक्रमी, परंतु त्यांस दमा होता, धूर नाकात गेला की घटकाभर बोलणे बंद, आणि बोलणे बंद तर करार कैसा? त्र्यंबकपंतांनी निंबाजींस बोलावून सांगितले, "दरोगे, यावेळी काही उणं पडलं तर फरासखाना मोडून टाकतो. डेरे भाड्याने आणता येतात. माणसंही." म्हणजे साठ घरच्या चुली त्या एका डेऱ्यास टांगलेल्या होत्या, हे निंबाजी जाणून होते. त्यांनी पठारावर येऊन हात वर केला, वारा पाहिला, तो पूर्वेकडून डोंगराकडे वाहत होता. मग बोलिले, "मोठा डेरा पूर्वेस. मुदपाक डोंगराच्या अंगास, म्हणजे धूर पलीकडे जाईल." आणि मोगऱ्या वाजल्या. मध्यान्हीच्या आत डेरा उभा, दोरांचे तणावे ताठ, बिछायत पसरलेली, एक सुरकुती नाही. मुदपाकात चुली खणल्या, चारशे पानांचा स्वयंपाक चढला. निंबाजी डेऱ्याभोवती एक फेरी मारून आले आणि मग आणखी एक मारिली, गरज नसता, केवळ आनंदाने. तिसऱ्या प्रहरी ऊन डोंगराआड कलले आणि वारा फिरला. आता तो डोंगरावरून खाली येऊ लागला, आणि मुदपाकातला धूर उठून, जैसे कोणी आमंत्रण दिले आहे ऐसा, थेट मोठ्या डेऱ्यात शिरला आणि पाहुण्यांच्या गादीवर बसला.

निंबाजी धावत बाहेर आले, तो काय पाहतात, गोमाजींनी आधीच पागोट्याचा शेमला नाकास बांधिला आहे. "नाईक, हे तुला ठाऊक होतं?"

"व्हतं की. या डोंगराचा वारा तिसऱ्या प्रहरी फिरतो. माझा बा सांगायचा."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

गोमाजी खरोखर चकित जाहले. "सरकारांचा हुकूम एकच असतो. एकदा आला की आला. त्यात आम्ही तोंड कुठं घालावं?"

ते ऐकून निंबाजी जेथे होते तेथेच बसले. फुलाजीरावांच्या वेळी माणसे ऐकत नव्हती, आपल्या वेळी ऐकू लागली, परंतु सांगत तेव्हाही नव्हती आणि आताही नाहीत. वर्षभर आपण ज्यास कारभार म्हणत होतो त्यात कान एकाच बाजूस होते. ऐसे त्यांच्या मनात आले, परंतु मनात येण्यास फार वेळ नव्हता, कारण जासूद येऊन सांगून गेला की पाहुण्यांचे हत्ती दीड कोसावर आहेत. चुली हलविता येत नाहीत, चारशे पाने विझविता येत नाहीत, तेव्हा डेराच हलला पाहिजे. मग ते उठून बोलिले, "डेरा उपटा. मुदपाकाच्या पलीकडं, डोंगराच्या बाजूस लावायचा." आणि या वेळी मोगऱ्या वाजल्या नाहीत. साठ माणसांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी तरी हळूच म्हटले, "दुजा आला." ते आनंदाने नव्हे, जैसा कर्ज बुडवून गेलेला भाऊबंद पुन्हा ओसरीवर दिसावा तैसे म्हटले. आणि साठही माना आदबीने डोलल्या, आणि वर्षभर न दिसलेल्या चिलमा कमरेतून बाहेर आल्या, आणि माणसे उरल्या मेखांच्या ढिगावर बसली.

खात्याचे कारकून बाळंभट होते, ते हुशार. ते निंबाजींच्या कानाशी येऊन बोलिले, "सरकार, त्यात काय एवढं. लागलीच तिजा देऊन टाका, आत्ता धावतील." ही मसलत खरी होती. तिजा दिला असता तर डेरा घटकेत हलता. आणि उद्यापासून पुन्हा तिजाच चालता, जोवर खाते चालते तोवर. निंबाजींनी धुराकडे पाहिले, हत्तींच्या वाटेकडे पाहिले, आणि साठ चिलमांकडे पाहिले. मग बोलिले, "तिजा नाही. हा दुजाही नव्हे. सकाळचा हुकूम चुकला. माझा चुकला. वारा बघितला तो सकाळचा बघितला, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला विचारलं नाही. गोमाजी, डेरा कुठं नि कसा न्यायचा ते तू सांग, मी लागतो." ऐसे बोलून मोगरी घेतली आणि पहिल्या मेखेस हात घातला. मेख हलेना. दरोग्यांनी जन्मात मेख ठोकविली होती, उपटिली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी ओढिली, पाय लावून ओढिली, पागोटे पडले, तळहात सोलला, मेख तैसीच. साठ माणसे पाहत होती आणि कोणी हसत नव्हते, त्यावरून प्रसंग केवढा ते समजावे. मग गोमाजींनी चिलीम खाली ठेविली. "असं नव्हं, सरकार. आधी आडवी ठोकायची, दोन्ही अंगानं. ढिली झाली की आपसूक येती." आणि ठोकून दाखविली, आणि मेख आली. मग गोमाजी मागे वळून बोलिले, "बसलाय काय, ऐकलं नव्हं? सरकारांचं चुकलंय. उठा." आणि साठ माणसे जी उठली ती ऐसी उठली, की पहिल्या हुकुमासही कधी उठली नव्हती.

"घडी घालू नका," गोमाजी बोलिले, "घडी घालण्यात पाहुणं येतील. हाय तसाच उचला." मग मेखा निघाल्या, खांब माणसांनी उभेच धरिले, कापड खांद्यांवर घेतले, आणि अवघा डेरा, कळसासुद्धा, पठारावरून चालू लागला. मुदपाकातले आचारी पळ्या हातात घेऊन खाली बसले आणि डेरा त्यांच्या डोक्यांवरून गेला. डेऱ्याच्या आत केरोजी राहिला होता, तो दिसेना, परंतु "डावीकडं, डावीकडं" ऐसे त्याचे ओरडणे ऐकू येत होते. त्र्यंबकपंत पाहुण्यांच्या सामोरे निघाले होते, त्यांनी मागे वळून पाहिले तो दरबार चालत निघालेला. ते घोडा फेकीत आले आणि बोलिले, "दरोगे, सकाळचा हुकूम काय होता?"

"चुकीचा होता, पंत."

पंतांनी सबबी ऐकण्याची तयारी करून आणिली होती. चार सबबींस चार उत्तरे त्यांजपाशी होती, ती तैसीच घेऊन ते पाहुण्यांकडे माघारी गेले. इकडे बाळंभट दौतीत लेखणी बुडवून उभे. "सरकार, दफ्तरात काय लिहू? चुकलं, याला आपल्याकडं मायनाच नाही." निंबाजी एक तणावा दातांत धरून दुसरा बांधीत होते. मग बाळंभटांनी आपल्या अकलेने लिहिले, "दरोगे यांसी तिसऱ्या प्रहरी वारा उमजला." तो कागद अद्याप त्या दफ्तरी आहे म्हणतात.

पाहुणे राजे हत्तीवरून उतरले तेव्हा शेवटची मेख जमिनीत जात होती आणि बिछायत उलटी पडली होती, हिरव्याऐवजी करडी. ते गादीवर बसले, श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि बोलिले, "इथं हवा छान आहे." मग दोन प्रहर बोलणे चालिले, पाणवठ्याचा करार जाहला, एक दिवस यांचा एक दिवस त्यांचा. महाराज संतोष पावले आणि त्र्यंबकपंतांस शेला दिला, कारण शेले वरच्यावर उतरतात, खाली येईतो संपतात. फरासखान्यास काही मिळाले नाही. परंतु फरासखाना मोडिला नाही, साठ घरी चुली पेटल्या, आणि त्या रात्री खात्यात एवढेच पुरेसे वाटले. सगुणाबाईंनी निंबाजींच्या तळहातास हळद लावून दिली आणि पुसिले, "साठ माणसांपुढं चुकलं म्हणालात, लाज नाही वाटली?" निंबाजी बोलिले, "वाटली. पण मेख येत नव्हती त्याची जास्त."

पुढे पौष मासी स्वारी दक्षिणेस निघाली आणि नदीच्या वळणावर मुक्काम पडला. निंबाजी घोड्यावरून उतरले, जागा पाहिली, आणि बोलण्यास तोंड उघडले, तो गोमाजी पुढे येऊन बोलिले, "थांबा, सरकार. इथं नको. जमीन भुसभुशीत हाय, मेख धरणार न्हाई." दुसरा फरास बोलिला, "धरंल की, लांब मेखा घातल्या तर." तिसरा बोलिला, "तू घाल लांब मेखा, तुझ्या बापानं आणल्यात लांब मेखा." आणि साठ माणसांत जो वाद पडला तो पुरी घटकाभर चालिला. निंबाजी मध्ये उभे राहून ऐकत होते, एकाचे, मग दुसऱ्याचे, आणि त्यांचा घोडा कंटाळून चरावयास गेला. मग सर्व बोलून संपले आणि त्यांजकडे पाहू लागले. निंबाजी बोलिले, "वरच्या टेकाडावर." आणि मोगऱ्या वाजल्या.

येणेप्रमाणे हकीकत जाहली ती लिहिली. निंबाजी पुढे अकरा वर्षे दरोगे होते, त्यांत त्यांचे आणखी चार वेळा चुकले, चारही दफ्तरी नोंद आहेत. त्यांनी राज्य वाढविले नाही, किल्ला घेतला नाही, डेरे मात्र लाविले. लिहिणाराचे अधिक उणे असेल ते वाचणाराने तोंडावर सांगावे. बहुत काय लिहिणे.