गणपत आप्पा आणि पश्चिमेची खिडकी

गणपत आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीकडे बघतात, मग माणसांकडे. आम्ही त्यांच्या शेजारी नव्यानं राहायला आलो तेव्हा ते ओळख करून घ्यायला आले. माझी बायको सुनीता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं. खिशातून टेप काढून चौकट वर आणि खाली मोजली आणि म्हणाले, "गवंड्यानं तीन सूत खाल्लंय. घर चांगलं हाय, दार तेवढं खोटं हाय."

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, आप्पा स्टीलचा टेप ठेवतात. उचगावच्या बाजूला एका कारखान्यात तयार माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. कागलला एका लग्नात, अक्षता पडायच्या ऐन तोंडावर, त्यांनी मुलाच्या वडिलांना सांगितलं की स्टेज नवरीच्या बाजूला दीड इंच कललंय. त्या गृहस्थांना वाटलं, मुलीकडचे टोमणा मारतायत. समजूत काढण्यात अर्धा तास गेला.

त्यांची बायको मालूकाकी आम्ही इथं येण्याआधीच वारली. मुलगी बेळगावला दिलेली. आप्पा एकटे राहतात आणि भाकरी स्वतः थापतात. त्या सगळ्या एका मापाच्या असतात, हे मी पाहिलेलं आहे.

सुनीता प्राथमिक शाळेत शिकवते. तिला अर्धशिशीचा त्रास आहे. दुखणं उठलं की तिला उजेड सोसत नाही, आणि आमच्या झोपायच्या खोलीला नेमकी पश्चिमेची रुंद खिडकी. दुपारी दोनपासून ऊन थेट उशीवर. आम्ही चादर लावून पाहिली, काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. शेवटी डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण खोली अंधारी करा. म्हणून ब्लॅकआऊट कापडाचे, उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स बसवायचं ठरलं.

ही बातमी आप्पांना कुणी सांगितली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी गाडीला किल्ली लावतोय, तर ते मागच्या सीटवर बसलेले.

राजारामपुरीतल्या दुकानदारानं कापडाचे नमुने पसरले. आप्पांनी एकेक उचलला, भर उन्हात रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि कापड डोक्यावरून पार गळ्यापर्यंत घेतलं. येणारेजाणारे थांबायला लागले. दुकानदार बिचारा त्यांच्यासमोर जाऊन, माल एकदम कंपनीचा आहे, असं सांगू लागला. आप्पा कापडाच्या आतूनच म्हणाले, "पावणं, ह्याला अंधार म्हनायचं? मला तुमची मिशी दिसतीया की."

सहावं कापड पास झालं. करड्या रंगाचं, जाड, मागून रबरासारखा लेप असलेलं. त्यातून दुकानदाराचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

मापाला दुकानाचा माणूस आला, त्यानं एकदा रुंदी घेतली, एकदा उंची घेतली आणि चहा घेऊन गेला. आप्पांनी तेच माप वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी घेतलं आणि तिन्ही वेगळी आली. पट्ट्या चौकटीच्या आत बसवल्या तर कडेनं उजेडाची रेघ राहणार, म्हणून त्या बाहेर, भिंतीवर घ्यायच्या आणि दोन्ही अंगाला चार-चार इंच जास्त सोडायचं, असं त्यांनी ठरवलं. दुकानात जाऊन आधीची ऑर्डर बदलूनही आले. बसवायला मात्र कुणालाही बोलवायचं नाही, हे त्यांनी आम्हाला बजावलं.

रविवारी सकाळी ओळंबा, पातळी बघायची पाणसळ आणि ड्रिल मशीन घेऊन ते आले. वरच्या रेलसाठी तीन ब्रॅकेट होते. एकेका भोकाच्या खुणेवर वीस-वीस मिनिटं. दोन ब्रॅकेट बसेपर्यंत दुपार झाली, आणि सुनीता दारात येऊन उभी राहिली. एक डोळा मिटलेला, ओठ पांढरे. मी ओळखलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मशीन खाली ठेवलं.

तिसरं भोक म्हणजे पुन्हा तो आवाज. आप्पांनी न बोलता रेल दोन ब्रॅकेटवर अडकवली, भराभर पट्ट्या लावल्या आणि ओढून मिटवल्या. खोली अंधारली, पण रेलचं उजवं टोक खाली कललं आणि तिथल्या फटीतून उन्हाची तिरीप उशीवर आली. आप्पा स्टुलावर चढले आणि त्यांनी ते टोक दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. तिरीप गेली. सुनीता येऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मी हळूच म्हणालो, मी धरतो. त्यांनी मान हलवली. सत्तरीचा माणूस, हात वर ताणलेले. मी स्टूल धरून उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं ते कुजबुजले. आवाज भिंतीकडे जात होता.

"आमच्या हिलाबी असंच व्हायचं."

मी वर पाहिलं.

"मी थर्मामीटर लावायचो. ताप न्हाय. नाडी बघायचो, बराबर. मग म्हनायचो, काय न्हाय तुला, उठ. डोक्याला फडकं बांधून ती चुलीपुढं बसायची. उजेड नको म्हनायची, तर मी खिडकी उघडायचो. वारं येऊ दे म्हनून."

त्यांनी रेल तळव्यांवर जरा वर घेतली. तिरीप आत आली नाही.

"सव्वीस वर्षं. मला वाटायचं, कामाचा कंटाळा. ती गेल्यावर पोरीनं सांगितलं, आईला किती दुखायचं ते. पोरीला ठावं होतं. मला न्हाय."

मी त्यांच्या पायाशी स्टूल आणखी घट्ट धरलं, एवढंच केलं.

तासाभरानं पलंगावरून सुनीताचा आवाज आला. "आप्पा, खाली उतरा आता. पुष्कळ कमी आलंय."

ती जागी होती. किती ऐकलं, मी अजून विचारलेलं नाही. आप्पांनी टोक सावकाश सोडलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले आणि पलंगापासून जरा दूर, जमिनीवरच बसले. तिरीप परत आली होती, पण आता ऊन उतरलं होतं, ती भिंतीवर पडली.

"पोरी," ते म्हणाले, "हे नेमकं कसं होतं गं? सांगशील मला? सुरवात कुठनं होती?"

सुनीता उशी पाठीशी घेऊन बसली आणि सांगू लागली. आधी डोळ्यापुढं कसं चमकायला लागतं, मग अर्धं डोकं कसं ठणकायला लागतं, भांड्याचा आवाज कसा दातात जातो, आणि कुणी 'तुला काही झालेलं नाही' म्हटलं की काय वाटतं. आप्पांनी तिला मध्ये एकदाही थांबवलं नाही. चष्मा काढून हातात धरला होता आणि मान खाली घालून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.