हरणाची खुर्ची

लालासाहेब गुरुजींच्या सत्कारातून सुटलेला माणूस आमच्या गावात शोधून सापडला नसता. पलटणीतून सुट्टीवर आलेल्या जवानाला फेटा, उसात पहिला नंबर काढणाऱ्याला फेटा. नदीवर नवं इंजिन बसलं, तर गुरुजींनी त्यालाही हार घातला होता. इंजिन चालू होतं आणि हार पट्ट्यात गेला, ते सोडून द्या.

बहात्तरच्या दुष्काळात कवठे महांकाळकडचा कोंडीबा दीडशे मेंढरं घेऊन आमच्या कृष्णाकाठी उतरला. त्याची दहा वर्षांची हरणा तिसरीत दाखल झाली. दाखला लिहून झाल्यावर कोंडीबा म्हणाला, "गुर्जी, पोरगी हितं रमली तर आमी ऱ्हातो. न्हाई रमली तर कळप घिऊन फुडं. मग हिची साळा कायमची सुटली."

गुरुजींनी छातीवर हात ठेवला. "आठ दिवसांत पोरगी म्हणेल, हीच माझी शाळा. तू माझ्यावर सोड."

गुरुजींवर सोडलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

बाकीची पोरं तरटावर बसत. हरणाला गुरुजींनी आपल्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. शनिवारी पोरांनी वर्ग सारवायचा, तर हरणानं शेणाला हात लावायचा नाही. शालू मॉनिटर पाढ्यात चुकली, तिला छडी बसली. हरणानं सात अठ्ठे चाळीस म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, "शाब्बास, चांगला प्रयत्न." आता असल्या पोरीशी कोण बोलणार? मधल्या सुट्टीत सगळी लंगडी खेळायची आणि ही कडुलिंबाखाली खुर्ची धरून बसायची. खुर्चीसुद्धा गुरुजीच बाहेर आणून द्यायचे.

सातव्या दिवशी हरणा बापाला म्हणाली, "आबा, त्या साळंत मी पाव्हनी हाय. पाव्हनी किती दिस ऱ्हाती?"

 त्याच दिवशी, शुक्रवारी, कोंडीबा शाळेत येऊन सांगून गेला, "सोमवारी निघतो, गुर्जी."

गुरुजींना रात्रभर झोप नाही. खुर्ची दिली, शाब्बासकी दिली, मग उणं काय राहिलं? पहाटे एकदम उजाडलं त्यांना. फेटा! फेटा राहिला होता. ते तसेच उठून कोंडीबाच्या पालावर गेले.

"आज नऊ वाजता हरणाचा सत्कार. सगळ्यांनी यायचं. एकसुद्धा माणूस मागं राहिलेला मला खपणार नाही."

"आवं, समदीच कशी येणार?"

"समदी म्हणजे समदी."

कोंडीबानं जरा विचार केला आणि मान डोलावली. काय विचार केला, ते गुरुजींनी विचारलं नाही.

नऊ वाजता शाळा नवरीसारखी सजली होती. दारात उसाची कमान, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण, टेबलावर झेंडूचे हार. बाजूला गुरुजींनी स्पर्धेसाठी पोरासारखा जपलेला मेथीचा वाफा. सरपंच हंबीरराव पाहुणे म्हणून कडक कपड्यांत आले होते. खुर्चीवर हरणा, आणि तिच्या डोक्यावर गुरुजींनी बांधलेला फेटा. फेटा नाकापर्यंत उतरल्यामुळे आत हरणा आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

मग कोंडीबा आला. बायको आली, भाऊ आला, भावजय आली. सगळी माणसं आल्यावर कळप राखायला पालावर कोण राहणार? म्हणून मागून दीडशे मेंढरं आली.

दुष्काळातली मेंढरं ती. कमान आधी गेली. तोरण नंतर. हंबीररावांनी हरणाला घालायला हार उचलला, तर त्याचं दुसरं टोक एका काळ्या एडक्यानं धरलं. हंबीररावांना हातातलं सोडायची सवय नव्हती. एडक्यालाही नव्हती. दोघांनी मिळून मैदानाला तीन फेऱ्या घातल्या. गुरुजींनी घाबरून "सावधान" अशी आरोळी ठोकली. पोरं सावधान उभी राहिली. मेंढरं मेथीत शिरली.

तेवढ्यात खुर्ची उलटली. हरणानं फेटा उपसून काढला आणि जिभेनं असा आवाज केला की पुढची मेंढरं जागच्या जागी थबकली. "शाले, ह्ये टोक धर! गुंड्या, तू ते धर. ताणा. आरं, शिंग धरू नगंस, ढकलंल तुला!" फेट्याची कुंपणासारखी आडवी पट्टी धरून वीस पोरं पुढं सरकली आणि कळप निमूट दाराबाहेर गेला. आमच्या शाळेत इतक्या शिस्तीत कधी कवायत झाली नव्हती.

मागं राहिल्या त्या लेंड्या. मैदानात, ओट्यावर, वर्गात, जिकडं तिकडं. मेथीचं पान शिल्लक नव्हतं.

कोंडीबाची मान वर होईना. "गुर्जी, लय नुसकान झालं. आमी आजच जातो. चल, हरणे."

 गुरुजींना फार वाईट वाटलं. मेथीचंही वाटलं, पण पोरीचं जास्त वाटलं.

हरणा दारापर्यंत गेली. मागून शालू कडाडली, "ये हरणे! कुटं चाललीस? घान कुनाच्या मेंढरांनी केली? आदी लोट, मग जा कुटं जायचं तिकडं!"

हरणा वळली. आठ दिवसांत तिच्यावर कुणी पहिल्यांदाच ओरडलं होतं. "माजी पाळी हाय?"

"मग काय माजी?"

"एकलीची न्हाई हां! तूबी लेंड्यांची पाटी धर."

"मी मॉनिटर हाय."

"आसशील!"

आणि दोघींची जी जुंपली, ती मैदान निम्मं लोटून झालं तरी चालूच होती.

कोंडीबा बराच वेळ बघत उभा होता. मग त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढून भिंतीशी अंथरलं आणि बसला.

"गुर्जी, पोरगी भांडतीया."

"होय रे."

"म्हंजे रमली."

गुरुजींच्या जिवात जीव आला. आठ दिवस म्हटलं होतं, आठव्या दिवशी करून दाखवलं. हरणाची खुर्ची सरळ करून ते वर्गात ऐटीत बसले, पाय लांब केले आणि शिक्षण खात्याच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं, 'नवीन विद्यार्थी रमवण्यासाठी आम्ही आखलेली योजना यशस्वी झाली असून...'

"गुर्जी," हरणा खराटा घेऊन समोर उभी होती. "पाय वर घ्या."

गुरुजींनी पाय वर घेतले.