सांडपाण्याचा वर्ग हाउसफुल

रोझली टॅकेटचं नाव काही केल्या कॉम्प्युटर घेईना.

"नवागतांच्या सभेला बसल्याशिवाय नाव घालता येत नाही," वेंडेल प्रुइट चष्मा पुसत म्हणाला. "आणि पुढची सभा गुरुवारी."

"मग गुरुवारी बसते की!"

"बुधवारी दुपारी हा वर्गच रद्द होणार आहे, बाई. पंधरा जण लागतात. आज सोमवार, आणि यादीत अकराच आहेत."

रोझली खुर्चीत मागे टेकली. गेली अकरा वर्षं ती गावच्या सांडपाणी केंद्रातून नमुन्यांच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचवत होती. जानेवारीत तिथला यंत्रचालक निवृत्त व्हायचा होता आणि त्याची जागा तिला मिळणार होती. अट एकच, 'सांडपाणी शुद्धीकरण : भाग एक' हा वर्ग पास व्हायचा. तो सुरू व्हायचा फक्त ऑगस्टात. या वर्षी हुकला की जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार.

"बाटल्या वाहायचं मला काही नाही हो," ती म्हणाली. "पण जन्मभर त्याच वाहायच्या का?"

वेंडेलने चष्मा डोळ्यांवर चढवला. हॅलोवे काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात नव्या पोरांना वर्ग निवडून देण्याचं काम तो सव्वीस वर्षं करत होता. बाकीचे सल्लागार दहा मिनिटांत वेळापत्रक छापून हातात ठेवत. हा पठ्ठ्या प्रत्येकाला "तुला मनापासून आवडतं काय?" असं विचारून अर्धा अर्धा तास उत्तराची वाट बघत बसे. त्याच्या दारापुढची रांग कधी हलत नसे, पण नको तो विषय त्याने एकाच्याही गळ्यात मारला नव्हता आणि याचा त्याला फार अभिमान होता.

तो तडक डीनबाईंकडे गेला. "ग्रेचेन, एका बाईसाठी एक जागा धरून ठेवता येईल?"

"जागा धरता येत नाही. आधी वर्ग तर राहू दे," डीनबाई मान वर न करता म्हणाल्या. "पंधरा आण, वर्ग घे."

वेंडेल परत येऊन बसला आणि त्या क्षणी सव्वीस वर्षांच्या तत्त्वावरून त्याचा पाय घसरला. पहिली आली डिलेनी. तिला फोटोग्राफी घ्यायची होती.

"फोटोग्राफीत मुख्य काय असतं?" वेंडेलने विचारलं. "निरीक्षण! आणि निरीक्षणाला सांडपाण्यासारखा विषय नाही."

"खरंच?"

"रोज वेगळं दिसतं."

तिच्यामागे टोबिन स्टाउट. दोन वर्षं घरी बसून आलेला.

"तुला मनापासून आवडतं काय?"

"झोपायला."

"हा वर्ग संध्याकाळी सहाला असतो," वेंडेल म्हणाला. टोबिनने लगेच सही केली.

मंगळवारी दुपारी यादीत पंधरा नावं झाली. तिथे थांबायला हवं होतं. पण एखादा ऐनवेळी गळाला तर? म्हणून त्याने आणखी दोघांना पटवलं. त्या दोघांनी मित्रांना फोनवर कळवलं की एक वर्ग आहे, आठवड्यातून एकदाच भरतो, निबंध लिहावा लागत नाही आणि सकाळी उठावं लागत नाही. कशाचा वर्ग, हे कुणी विचारलं नाही. बुधवारी वर्ग वाचला. वेंडेलने डीनबाईंच्या दारातून खुशीत अंगठा उंचावला आणि घरी जाऊन निवांत झोपला.

गुरुवारी रोझली तीन तास सभेला बसली. छातीवर नावाची चिठ्ठी लावली, ग्रंथालय पाहिलं, अठरा वर्षांच्या पोरांबरोबर गोल उभी राहून चेंडूफेकीचा खेळ खेळली. घामाघूम होऊन ती वेंडेलसमोर आली. "घाला नाव."

वेंडेलने कळ दाबली. मग पुन्हा दाबली.

"काय झालं?"

"वर्ग भरला," तो म्हणाला. "चोवीसच्या चोवीस जागा."

"सोमवारी अकरा होते ना? सांडपाणी शिकायला एवढी माणसं आली कुठून?"

वेंडेलने यादी दिसू नये म्हणून स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला. रोझलीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"तुम्ही भरलेत," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

"प्रतीक्षायादीत तुमचंच नाव पहिलं आहे," वेंडेल पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन बसला. जे गळ्यात मारलं ते परत काढून घ्यायचं होतं. टोबिनच्या घरी त्याच्या आजीने फोन उचलला.

"तुम्हीच का ते प्रुइटसाहेब? अहो, देवासारखे भेटलात! दोन वर्षं सोफ्यावर लोळत होता. काल म्हणाला, आजी, मला काहीतरी व्हायचंय."

"काय व्हायचंय?"

"ते नाही बोलला. पण मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय."

वेंडेलने अभिनंदन करून फोन ठेवला. आठ फोन केले आणि आठही घरांत त्याचे आभार मानले गेले. आपण इतके चांगले विक्रेते आहोत, हे त्याला साठीच्या उंबरठ्यावर कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला तास पुढच्या गुरुवारी होता. जागा रिकामी झाली तर मिळेल, या आशेवर रोझली आली आणि अपराधी चेहऱ्याने वेंडेलही आला. शिक्षक डोम्ब्रोव्स्की हे जुने रसायनतज्ज्ञ. फळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी पहिला तास थेट केंद्रातच ठेवला होता, पहिल्या टाकीवरच्या लोखंडी पुलावर. दिवसभर ऊन रणरणलं होतं.

"छाती भरून श्वास घ्या," डोम्ब्रोव्स्की म्हणाले. "नाक हे आपलं पहिलं यंत्र."

पहिल्या मिनिटाला तिघे जिन्याकडे पळाले. वेंडेलने रोझलीचा दंड धरला. "झालं! मिळाली जागा!" पाठोपाठ आणखी सहाजण गेले. एकजण तोंडावर टोपी दाबून गेला आणि जाता जाता वेंडेलकडे असं काही बघून गेला की त्याने नजर फिरवली. तरी प्रत्येक जाणाऱ्यागणिक त्याचा जीव हलका होत होता. डिलेनी मात्र कठड्यावरून वाकून फेसाचे फोटो काढत होती. टोबिनला सर्दी झाली होती.

डोम्ब्रोव्स्कींनी डोकी मोजली आणि वही मिटली. "यादीतले चौदा उरले. पहिल्या दिवशी पंधरा नसले तर डीनबाई वर्ग बंद करतात. चला, खाली उतरा."

वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. पण रोझलीने हात वर केला होता, अगदी सरळ, शाळेतल्या मुलीसारखा.

"प्रतीक्षायादीतली पंधरावी," ती म्हणाली. "मी इथून हलत नसते."

डोम्ब्रोव्स्कींनी वही उघडून नाव लिहिलं. जुने अकराजण टाळ्या वाजवायला लागले. रोझली डोळे पुसत हसत होती आणि टोबिन शेजारच्याला विचारत होता की नक्की झालं काय.

वेंडेल कठड्याला टेकला. दहा दिवसांचं ओझं उतरलं होतं. आता एक मोठा, सुटकेचा निःश्वास टाकायचा राहिला होता. पण तो टाकायचा म्हणजे आधी छाती भरून श्वास आत घ्यावा लागतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याने तो घेतला. मग त्याला दोघांनी धरून खाली नेलं.