गंजीतले बाफले

गवताच्या गंजीतून धूर निघतो आहे, हे दौलतरावांच्या लक्षात आलं आणि त्याच क्षणी खंडव्याकडे जाणारी बस सिमरोलच्या अलीकडे, त्यांच्या शेताच्या फाटकाशी थांबली. बसमधून नानासाहेब उतरले.

नानासाहेब म्हणजे दौलतरावांच्या पत्नीचे, प्रमोदिनीबाईंचे, थोरले बंधू. नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागून इंदूरच्या कचेऱ्या गेल्या आणि नानासाहेबही गेले. दौलतराव मात्र गेले नाहीत. आजोबांना होळकरांच्या अमदानीत मिळालेल्या जमिनीवर शेती करतो, असं सांगून त्यांनी नोकरीच सोडली. नानासाहेबांनी वर्षभर धीर धरला. मग सचिवालयात मेहुण्यासाठी एक जागा पाहून ठेवली. शेतीत राम दिसला तर प्रश्न मिटला, नाही तर दिवाळीनंतर बिऱ्हाड भोपाळला, असं ठरलं होतं. आजचा मुक्काम त्याच पाहणीसाठी होता. दौलतरावांना भोपाळ नको होतं. सकाळी स्वतःच्या विहिरीच्या काठावर बसून, कोणाचीही घंटा न ऐकता, सावकाश दात घासण्याचं सुख त्यांना एकदा लागलं होतं.

गंजी रचली होती ती नानासाहेबांसाठीच. रस्त्यावरून नजरेत भरेल इतकी उंच. पावसाळा सरता सरता कापलेलं गवत अजून ओलं होतं. पण ते वाळेपर्यंत थांबलं तर पाहुणे येऊन जातील, या धास्तीनं दौलतरावांनी ते तसंच रचलं आणि वर चढून तुडवून तुडवून गच्च केलं. ओलं गवत कोंडलं की आतल्या आत कुजतं, तापतं आणि काडी न लावताही पेटतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"दौलतराव, तो धूर कसला हो?" फाटकातूनच नानासाहेबांनी विचारलं.

"धूर? अहो, दाल-बाफले! तुम्ही येऊन राहिले म्हणून सकाळीच बेत केला. गंजीमागे कंडे पेटवलेत."

माळव्यात शेतावर धूर दिसला की माणसाच्या मनात कणकेचे गोळे उकडून, कंड्यांच्या म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या बाफल्यांखेरीज दुसरं काही येत नाही. नानासाहेबांचा चेहरा उजळला. दुर्दैवानं, दौलतरावांचं वाक्य बसच्या ड्रायव्हरनंही ऐकलं.

"साब, कितनी देर है बाफले में?" असं विचारत त्यानं इंजिन बंद केलं. प्रवासी उतरून निंबाच्या सावलीत बसू लागले.

स्वयंपाकघरात प्रमोदिनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कोणते बाफले? घरात कणीक भिजलेली नाही."

"हळू बोल. गंजी आतून जळून राहिली आहे."

"मग पाणी ओता!"

"तुझ्या दादांच्या डोळ्यांदेखत?"

"मग काय, त्यांना आग वाढू? आणि डाळ कुठे आहे?" असं म्हणता म्हणता त्यांनी परात मात्र पुढे ओढली.

डाळ आली ती गंगूबाईंकडून. पलीकडच्या मळ्यातून धूर पाहून त्या भरलं पातेलं आणि कंड्यांची टोपली घेऊनच निघाल्या होत्या. "तुमची डाळ पुरायची नाही, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. पाठोपाठ सायकलवरून भाऊराव आले. महूच्या छावणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा शेजारी तुपाची बरणी हँडलला अडकवूनच आला होता.

"वाह भिया! पार्टी करून राहिले अन् शेजाऱ्याला खबर नाही? फौजेत याला गद्दारी म्हणतात!"

अंगणात गंगूबाईंचे कंडे पेटले, प्रमोदिनीबाईंचे बाफले उकळत्या पाण्यात पडले, आणि आता हे निभावलं, असं दौलतरावांना वाटू लागलं. तेवढ्यात ओसरीवरची नानासाहेबांची खुर्ची रिकामी दिसली.

नानासाहेब गंजीमागे उभे होते. हातात काठी होती.

"इथे कंडे कुठे आहेत?"

"आत," दौलतराव म्हणाले.

"गवतात?"

"नवी पद्धत आहे. सरकारी."

सरकारी म्हटल्यावर शंका घेणं नानासाहेबांच्या स्वभावात नव्हतं. "असं होय! मग एखादा शिजला का पाहू," म्हणत त्यांनी काठी गंजीत खोल खुपसली आणि जोरानं फिरवली. आत कोंडलेल्या धगीला वारा मिळाला आणि भप्पकन ज्वाळा बाहेर आली. नानासाहेबांच्या मिशीचं उजवं टोक तिच्याबरोबर गेलं.

"आग! आग!"

पुढचं सारं भाऊरावांनी हाती घेतलं. "लाइन बनाओ!" अशी त्यांची गर्जना होताच ड्रायव्हरपासून प्रवाशांपर्यंत सगळे विहिरीपासून गंजीपर्यंत ओळीनं उभे राहिले. बादल्या, घागरी, बसच्या टपावरचा कोणाचा तरी नवाकोरा हंडा, जे सापडेल ते हातोहात फिरू लागलं. "अरे, डाळीचं पातेलं नको!" गंगूबाई ओरडल्या, आणि शेवटच्या माणसाच्या हातून ते कसंबसं वाचलं. कोट काढून नानासाहेबही ओळीत शिरले होते. पाणी आलं नाही की ते पुढच्याला दटावत होते आणि पाणी अंगावर सांडलं की चक्क हसत होते.

अर्धी गंजी वाचली. म्हशींचा हिवाळा निभणार होता. बाफल्यांच्या वासानं माणसं चिखलातून अंगणात आली आणि पंगत बसली.

नानासाहेब दौलतरावांच्या शेजारी बसले. तुपात बुडवलेला पहिला बाफला त्यांनी शांतपणे संपवला. मग म्हणाले, "दौलतराव, शेती तुम्हाला येत नाही."

वाढता वाढता प्रमोदिनीबाईंचा हात थांबला. "मग दादा, भोपाळ?"

"छे! भलतंच काय?" नानासाहेबांनी उरलेल्या अर्ध्या मिशीवरून हात फिरवला. "सचिवालयात सगळीकडे कागद. तिथे एखाद्या फाइलीतून धूर निघाला, तर हा गृहस्थ पाणी मागवायचा नाही, मंत्र्यांना जेवायला बोलवेल! नको, नको. ती जागा मी दुसऱ्या कोणाला देववतो. तुम्ही आपले इथेच राहा."

आयुष्यात इतक्या ठामपणे दौलतरावांना कोणी नालायक ठरवलं नव्हतं. त्यांनी आनंदानं मान खाली घातली आणि ताट पुढे करून आणखी एक बाफला मागून घेतला.